दोन गिटारी आणि मिठाचा खड्डा

माझ्या टेबलावर दोन इलेक्ट्रिक गिटारी आडव्या ठेवल्या होत्या आणि समोर फौजदार बसले होते. यातल्या कोणत्या गिटारीनं माणूस मारला ते मी लिहून द्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. जमलं तर दुपारच्या आत.

"साहेब, ही काळी," त्यांनी पेनानं दाखवलं. "बाहेरच्या देशातली. पोरगं हीच वाजवत होतं. दुकानदार आणून बसवलाय ठाण्यात. तुम्ही 'फॉल्टी' एवढा एक शब्द लिहा, आमचं काम झालं."

मी तेव्हा बीडला विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसात होतो. हे ऑफिस लोकांना माहीत नसतं. लाईट गेली की ज्याला शिव्या घालतात ते ऑफिस वेगळं. आमच्याकडे फाईल येते ती शॉक लागून माणूस किंवा जनावर गेल्यावर. करंट कुठून आला, कसा आला, कुणाच्या हयगयीनं आला, ते शोधून अहवाल द्यायचा. माझ्या फायलींमध्ये विहिरीवरच्या मोटारी होत्या, कपडे वाळत घालायच्या तारा होत्या, म्हशी तर कितीतरी होत्या. गिटार पहिल्यांदाच आली होती.

नव्वदीची मधली वर्षं ती. बाजारात बाहेरचा माल यायला लागला होता. बीडच्या दुकानातही एका भिंतीवर इथल्या गिटारी आणि दुसऱ्या भिंतीवर काचेमागे तिकडच्या, असं सुरू झालं होतं. गेलेला मुलगा वैजनाथ. दिंद्रुडच्या महालिंगअप्पांचा थोरला. अप्पांचं किराणा-भुसाराचं दुकान, चांगलं चालणारं. वैजनाथ दिवसा गल्ल्यावर बसायचा आणि लग्नसराईत, जत्रांमध्ये मित्रांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पाटोद्याकडच्या एका गावात चैत्रातली जत्रा होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून ओळखीची आहेत. दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला, देवाचं पहिलं गाणं सुरू झालं, वैजनाथनं तारांवर हात टाकला आणि तो तसाच ताठ होऊन खाली पडला. हात तारांवरून सुटेना. लोकांना आधी वाटलं, अंगात आलं.

लाल गिटार त्याची जुनी. इथल्याच बनावटीची, स्वस्तातली. ती जादा म्हणून बरोबर असायची. काळी महिन्याभरापूर्वी घेतलेली, लालच्या कितीतरी पट भारी.

फौजदारांना चहा सांगितला आणि मी दोन्ही गिटारी उघडल्या.

वाचकांना थोडं सांगायला हवं. गिटारीत स्वतःची वीज नसते. तार हलते, तिच्याखाली चुंबकावर तारेची गुंडाळी असते, तिच्यात जरासा करंट तयार होतो आणि तो केबलमधून अँप्लिफायरकडे जातो. केबलच्या आत आवाजाची एक वायर असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. ही जाळी अँप्लिफायरच्या लोखंडी खोक्याला जोडलेली असते. चांगल्या गिटारीत आणखी एक करतात. वाजवायच्या तारासुद्धा एका बारीक वायरनं या जाळीला जोडून टाकतात. त्यामुळे वाजवणाऱ्यानं तारांवर हात ठेवला की 'घूं' असा जो आवाज येत असतो तो बंद होतो. भारी गिटारीची ओळखच ती. हात ठेवला की शांत.

काळीत ती बारीक वायर होती, सोल्डर सुबक होतं. कुठे कसर नव्हती. लालमध्येही वायर होती, पण तिचं टोक प्लेटखाली मोकळंच पडलं होतं. कारखान्यात कुणीतरी जोडायचं विसरलं होतं, किंवा जोडायचा कंटाळा केला होता.

"सापडला का फॉल्ट?" फौजदार वाकून बघत म्हणाले.

"सापडला. पण लालमध्ये. काळी एकदम ठीक आहे."

"मंग माणूस काळीनं कावून मेला?"

"ते गावात जाऊन बघावं लागेल."

दुपारचं काम संध्याकाळवर गेलं म्हणून ते नाराज झाले. त्यांनी माझा चहासुद्धा अर्धा ठेवला.

गावात आमची वाट बघत आबा उभे होते. आबा म्हणजे गावचे पुढारी, पंचायत समितीतले, दोन विहिरींचे मालक. जत्रेचा कार्यक्रम त्यांनीच ठेवला होता. देवळासमोर मातीचा लांबरुंद ओटा, तेच स्टेज. लाईटचं काम बबन नावाच्या मांडववाल्याकडे होतं. मी सांगितलं, त्या दिवशी जसं जोडलं होतं तसंच्या तसं जोडून दाखव. बबननं खांबावरच्या तारेवर आकडा टाकला. एकच. वायरचं दुसरं टोक त्यानं ओट्यामागे जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधलं.

"न्यूट्रल कुठाय?"

"हाच की न्यूट्रल," तो सळईकडे बोट दाखवत म्हणाला. "सायब, आमी कायम आसंच घेतो. खांबावरचा न्यूट्रल ढिल्ला हाय, लाईट फडफड करती. सळई मारायची, तांब्याभर पाणी वतायचं, की लाईट फक्कड."

वीज यायला एक तार लागते आणि परत जायला एक, ती न्यूट्रल. बबननं परतीच्या तारेऐवजी जमीन वापरली होती. हे काही त्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. आमच्याकडे शेतात, मांडवात सर्रास असंच चालायचं. चार बल्ब असले तर ते भागूनही जातं. जास्त भार टाकला की जमीन तेवढा करंट घेत नाही, आणि सळई, सळईला जोडलेली वायर, त्या वायरला जे काही जोडलं असेल ते सगळं तापल्या तव्यासारखं होतं. दिसत मात्र काही नाही.

"आणि अँप्लिफायरची तिसरी पिन? खोक्याला जोडलेली, अर्थिंगची?"

"ती रिकामी ठिवली की आवाज घरघर येतोय. म्हणून बोर्डात न्यूट्रललाच जोडून टाकली."

मी अँप्लिफायर लावला, मीटरचं एक टोक खोक्याला आणि दुसरं ओल्या जमिनीला धरलं. चार बल्बांवर काटा थोडासा हलला. मग कार्यक्रमाच्या वेळी लावले होते ते हॅलोजनचे मोठे दिवे लावायला सांगितले. काटा उठला तो दीडशे व्होल्टच्या पुढे जाऊन थांबला. फौजदारांनी हळूच दोन पावलं मागे घेतली.

आता साखळी सरळ होती. सळईवरून खोक्याला, खोक्यावरून केबलच्या जाळीला, जाळीवरून त्या सुबक सोल्डरमधून तारांना, तारांवरून वैजनाथच्या हाताला. गाणाऱ्याचा माईक बॅटरीवरच्या मशीनला होता. कॅसिओ प्लास्टिकचा. म्हणून बाकी कुणाला काही झालं नाही.

कॅसिओ वाजवणारा रज्जाक तिथेच उभा होता. वैजनाथचा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "दुपारी तालीम केली तवा त्येच्या हाताला मुंग्या येत व्हत्या, सायब. हासला. मला म्हणला, नव्या गिटारीत जीव हाय रे."

"तेव्हा पायात काय होतं?"

"स्लीपर. रबरी."

"आणि संध्याकाळी?"

रज्जाकनं आबांकडे पाहिलं. आबांनी उत्तर दिलं. "देवाचं गाणं हाय सायब. वट्यावर चप्पल कोण घालंल? आन् आधी नारळ फुटतो. मीच फोडला." बोलताना त्यांचं लक्ष ओट्याच्या कडेकडे गेलं. नारळ फोडायचा दगड तिथे होता, आणि त्याच्या हातभर अंतरावर वैजनाथ उभा राहायचा. सडा घातलेली जमीन, वर नारळाचं पाणी, आणि अनवाणी पाय.

आबांनी तिथून नजर काढून घेतली. मग मला बाजूला घेतलं.

"सायब, गरिबाचं पोट हाय बबनचं. गावाचं नाव खराब व्हईल. गिटार बाहेरची हाय, त्यात काय काय आसतंय कुणाला ठाव? दुकानदार मोठा मानूस, त्यो निस्तरंल."

"गिटारीत काही नाही, आबा."

"आवो, पण लिवायला काय जातंय?"

माझं डोकं फिरलं. बावीस-पंचवीस वर्षांचं पोरगं मेलं होतं आणि हा माणूस मला लिहायला काय जातं विचारत होता. मी तिथेच, त्यांच्यासमोर पंचनाम्यात लिहिलं: गिटार निर्दोष. आकडा, सळई आणि तिसऱ्या पिनेची जोडणी बेकायदा व प्राणघातक. दुकानदार दुसऱ्या दिवशी सुटला. बबनवर केस झाली. आकडा टाकायला ज्यांनी सांगितलं त्यांच्यापर्यंत केस गेली नाही, ती सहसा जात नाही.

इथे माझं काम संपायला हवं होतं.

पावसाळा संपत आला तेव्हा महालिंगअप्पा गिटारी ताब्यात घ्यायला माझ्या ऑफिसात आले. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, बारीक अंगाचा माणूस. बरोबर रज्जाक होता. अप्पांनी दोन्ही गिटारींकडे पाहिलं, हात लावला नाही.

"सायब, तुमी लिवलंय म्हणं, काळी चांगली हाय."

"हो. चांगली आहे."

"मला तेच पायजे व्हतं आयकायला." ते खुर्चीत टेकले. "त्यो म्हणत व्हता, अप्पा, लालच ऱ्हाऊ द्या, जरा घरघर करती पर चालंल. न्हाई तर मधल्या भावातली घेऊ. म्याच म्हणलं, हलका माल न्हाई घ्यायचा. चाळीस वर्सं दुकानात हलकी डाळ ठिवली न्हाई, मग पोराच्या हातात कावून देऊ? म्याच घेऊन गेलतो त्याला बीडला. दुकानदारानं समद्या वाजवून दावल्या. म्या इचारलं, यात सगळ्यात चांगली कोणती? तीच द्या. लई हरकला व्हता."

मी काहीतरी कागद चाळल्यासारखं केलं.

"आता काळी ह्या रज्जाकला देतो. त्यो बी शिकलाय थोडी. वैजूच्या नावानं वाजंल. लाल घरी नेतो, तिच्यावर त्याचा हात बसला व्हता."

"चांगलं आहे," मी म्हणालो. मग सवयीनं विचारलं, "कार्यक्रम कुठे आहे आता?"

"आबाच्याच गावात," रज्जाक म्हणाला. "नवरात्रात. बयाना घेतलाय, काय करणार सायब, धंदा हाय."

"लाईट कोण घेणार?"

"बबनच की. जामिनावर सुटलाय."

त्या दिवशी मी गप्प बसण्याच्या अगदी जवळ आलो होतो. अप्पा 'गिटार चांगली होती' एवढं घेऊन घरी गेले असते आणि त्यावर उरलेलं आयुष्य काढलं असतं. अहवालात लाल गिटारीबद्दल एक ओळ नव्हती, कारण तिचा अपघाताशी संबंध नव्हता. कुणी मला विचारलंही नसतं. पण समोर रज्जाक उभा होता, आणि तोही देवाच्या गाण्याला चप्पल काढणार होता.

"अप्पा, थोडं ऐका," मी म्हणालो. मी दोन्ही गिटारींच्या प्लेट पुन्हा उघडल्या. काळीतली जोडलेली वायर दाखवली. लालमधलं मोकळं टोक दाखवलं. तारा जाळीला जोडलेल्या असल्या की काय होतं आणि नसल्या की काय होतं, ते सांगितलं. मी मुद्दाम सावकाश आणि आडवळणानं सांगत होतो. पण अप्पा व्यापारी माणूस. हिशेब लावायला त्यांना वेळ लागला नाही.

"म्हणजे लाल आसती त्या दिशी त्याच्या हातात, तर?"

"अप्पा..."

"सांगा."

"वाचला असता."

रज्जाकनं भिंतीकडे तोंड केलं. अप्पा लालमधल्या त्या मोकळ्या टोकाकडे बघत होते. बाहेर आमचा शिपाई कुणाशी तरी हसत होता, त्याला जाऊन एक लगावावी असं मला वाटलं.

"म्हणजे हलकाच माल घ्यायला पायजे व्हता," अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा. गिटार बरोबर होती. लाईन वाईट होती."

"लाईन म्या घेतली न्हाई, सायब. गिटार म्या घेतली."

मी प्लेटचे स्क्रू परत बसवायला लागलो.

रज्जाक म्हणाला, "अप्पा, मी लालच वाजवतो. घरघर आली तर येऊ द्या, जत्रंत कोण आयकतंय."

"न्हाई." अप्पांचा आवाज पहिल्यांदा चढला. "उद्या आजून कुणीतरी चांगली घेऊन त्याच वट्यावर हुबा ऱ्हाईल." ते माझ्याकडे वळले. "चांगल्या गिटारीला काय लागतंय, ते सांगा."

मी सांगितलं. आकडा बंद. रीतसर अर्ज करून खांबावरून दोन्ही तारा घ्यायच्या, तात्पुरतं कनेक्शन मिळतं, ढिला न्यूट्रल वीज मंडळाची माणसं कसून देतात. आणि अँप्लिफायरच्या तिसऱ्या पिनेसाठी वेगळं अर्थिंग. त्यासाठी माणसाच्या उंचीचा खड्डा खणायचा. तळाशी तांब्याची प्लेट, तिला जाड पट्टी. वर एक थर मिठाचा, एक थर कोळशाचा, परत मीठ, परत कोळसा. मग माती आणि पाणी. करंट कुठे निसटला तर तो माणसातून न जाता त्या खड्ड्यात जातो.

"मीठ?"

"हो, जाडं मीठ. मिठानं माती ओली राहते."

अप्पा लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, खड्डा खणून मातीत बसवतात.

"आमच्यात बी मीठ घालतेत खड्ड्यात," ते म्हणाले. "वैजूला बसवला तवा घरच्याच दुकानातलं आणलं व्हतं."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अप्पा टेम्पोतून मिठाची पोती आणि कोळसा घेऊन आबांच्या गावात उतरले. मला निरोप होता, म्हणून मीही गेलो. आबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. अर्जाला येळ लागतोय, आजवर कधी काय झालं न्हाई. हे म्हणताना आपण कुणासमोर म्हणतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि वाक्य तिथेच अडकलं. अप्पा भांडले नाहीत. ओट्याखाली पोत्यांशेजारी बसून राहिले. गाव गोळा झालं. जवान मुलगा गेलेल्या बापाला गावासमोर 'नाही' म्हणायला पुढाऱ्यालाही जमत नाही. आबांनी स्वतःच्या जीपमधून माणूस पाटोद्याला अर्ज घेऊन पाठवला. खड्डा बबननं खणला. कुणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून कुदळ घेऊन आला. मिठाचे थर अप्पांनी स्वतः टाकले, ओंजळीनं. मी म्हणालो, घमेल्यानं टाकलं तरी चालतं. त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी खांबावरून दोन्ही तारांचं कनेक्शन आलं, आणि कार्यक्रमाच्या आधी मी अर्थिंग तपासलं. हॅलोजनसकट सगळं चालू केलं. खोक्याला आणि ओल्या जमिनीला मीटर लावलं. काटा जागचा हलला नाही. मी रज्जाकला खूण केली. तो काळी गिटार गळ्यात घालणार तेवढ्यात अप्पा ओट्यावर चढले.

"आबा, नारळ फोडा."

आबांनी फोडला. पाणी ओट्यावर सांडलं. अप्पांनी चपला काढल्या आणि त्या ओल्यात जाऊन उभे राहिले. रज्जाकच्या हातातून त्यांनी गिटार घेतली. ती त्यांना धरताही येत नव्हती, धान्याचं माप धरावं तशी धरली होती.

"अप्पा, नका," रज्जाक म्हणाला.

"अप्पा, मी तपासलंय," मी म्हणालो. "मीटर शून्य दाखवतंय."

"मीटर तुमचं हाय, सायब. हात माझा ऱ्हाऊ द्या."

त्यांनी पूर्ण पंजा तारांवर ठेवला. स्पीकरमधून बारीक आवाज येत होता, तो बंद झाला. अप्पांनी हात काढला नाही. किती वेळ तसे उभे होते सांगता येणार नाही, पण मीटरवर भरवसा असूनही मी मेन स्विचजवळ जाऊन उभा राहिलो. मग त्यांनी गिटार रज्जाकला दिली, चपला हातात घेतल्या आणि खाली उतरले.

"माल चांगला हाय," ते म्हणाले, आणि कार्यक्रम न ऐकता दिंद्रुडला गेले.

तो खड्डा पुढे तीन-चार वर्षं टिकला. मग ओट्याला फरशी बसली आणि ठेकेदारानं तांब्याची पट्टी कापून नेली. त्यानंतर तिथे लाईट कशी घेतात ते मला माहीत नाही. माझी बदली झाली होती.

परवा भाच्याच्या मुलानं विचारलं, आजोबा, इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय, बजेटमधली घेऊ का भारीतली? मी म्हटलं, झेपेल ती घे, पण आधी घरातला बोर्ड उघडून तिसऱ्या पिनेचं, अर्थिंगचं ते वरचं मोठं भोक मला मागून दाखव. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरीच. पण रविवारी त्यानं स्क्रू काढले. त्या भोकाला मागून एकही वायर आलेली नव्हती.